स्वल्पसुद्धा नको

आमचं पहिलं गाणं बावन्न सेकंदांचं होतं. तेवढ्यात माझी ड्रमची एक काठी मोडली, गायकाने माइकवर ओठ आपटून घेतला, गिटारवालीची तार तुटली आणि बेसवाला डोळे मिटून शेवटपर्यंत एकच सूर वाजवत राहिला, कारण पुढचा सूर तो विसरला होता. गाणं संपलं. मग गायक ओठावरचं रक्त पुसत म्हणाला, "परत." त्या सकाळी आम्ही ते सतरा-अठरा वेळा वाजवलं असेल. घरी जाताना माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते, बसमध्ये मी दांडीला मनगट अडकवून उभी होते, आणि कंडक्टरने कुठे उतरणार असं विचारलं तर मला उत्तर द्यायच्या ऐवजी हसूच येत राहिलं.

शेड यशवंतपूरला होती, कारखान्यांच्या गल्लीत. गाद्यांसाठी फोम कापणारं छोटंसं युनिट. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे सुपरवायझर होते. रविवारी युनिट बंद असायचं. मी अण्णांना विचारलं, अण्णांनी मालकांना विचारलं, आणि मालक म्हणाले, "सरी, हरकत नाही, मुलींनी गाणं-बजावणं शिकावं." अण्णांनी त्यांना नक्की काय सांगितलं होतं ते मी कधी विचारलं नाही. आत छतापर्यंत फोमचे पांढरे-पिवळे ठोकळे रचलेले असायचे. आम्ही जीव तोडून वाजवलं तरी बाहेर रस्त्यावर एवढंच ऐकू जायचं, की लांब कुठेतरी कुणीतरी गादी झोडपतंय.

माझी नोकरी कानाच्या दवाखान्यात. आलेल्या माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचे आणि सांगायचं, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबा. गायक मला तिथेच भेटला, पेशंट म्हणून. कानात शिट्टी वाजतेय अशी त्याची तक्रार होती.

"कधीपासून?"

"शनिवारपासून. एका शोला स्पीकरच्या अगदी पुढे उभा होतो."

"कसला शो?"

"हार्डकोर. म्हणजे पंकच, पण जास्त फास्ट आणि जास्त चिडलेलं."

फॉर्मवरचं आडनाव मराठी होतं, म्हणून मी मराठीत म्हटलं, "पुढच्या खेपेला स्पीकरपासून स्वल्प लांब उभे राहा."

तो हसायला लागला. "स्वल्प? तुम्ही मराठी आहात की कानडी? मला स्वल्प म्हटलं की फक्त स्वल्पविराम आठवतो."

मी त्याला सांगितलं, की आमचं घराणं या कानडी गावात साडेतीनशे वर्षं आहे, आमच्या मराठीत कानडी कधी मिसळली ते आमच्या खापरपणजोबांनाही माहीत नसेल, आणि तुमच्या मराठीत तर निम्मं इंग्रजी आहे. ते त्याला पटलं. त्याचे वडील पुण्याहून इथे सरकारी संशोधन संस्थेत आले होते, तो स्टाफ कॉलनीत वाढला होता, आता सर्जापूर रोडला राहून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करत होता. त्याचे कान ठीक होते. शिट्टी आपोआप गेली असती. पण जाता जाता मी सहज म्हणाले, की मी शाळेत मार्च-पासच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे, आणि पुढे पॉकेटमनी साठवून सेकंडहँड ड्रमसेट घेतलाय. तो दारातून परत आला.

"दारू पिता?"

"नाही."

"सिगरेट?"

"नाही. तपासणी माझी चालली आहे का तुमची?"

मग त्याने मला स्ट्रेट एज म्हणजे काय ते समजावलं. अमेरिकेत म्हणे कोवळ्या पोरांना बारमधल्या कार्यक्रमाला आत सोडताना हातावर काळी फुली मारत, याला दारू द्यायची नाही हे बारवाल्याला कळावं म्हणून. पुढे काहींनी ती फुली स्वतःच मारून घ्यायला सुरुवात केली. आम्हाला नकोच आहे, असं सांगायला. दारू नाही, तंबाखू नाही, कसलीच नशा नाही, आणि तरीही गाणं असं, की भिंती हलाव्यात. "मला असा बँड काढायचाय," तो म्हणाला. मी त्याला विचारलं, तुम्ही का पीत नाही? "आधी प्यायचो," तो म्हणाला. "आता नाही." मी पुढे विचारलं नाही, आणि नंतरही बरीच वर्षं विचारलं नाही.

गिटारवाली त्याच्या ओळखीची. इथलीच, कानडी घरातली, पंधराव्या वर्षापर्यंत वीणा शिकलेली. वाद्यांच्या दुकानात गिटार दुरुस्त करायची. त्याआधी दोन वर्षं पबमध्ये वाजवून ती वैतागली होती. "मी जीव ओतून वाजवतेय आणि समोर माणूस ओरडतोय, अजून एक बिअरचा पिचर आण," ती म्हणाली. तिच्यापुरतं कारण एवढंच होतं. बेसवाला के. आर. पुरमच्या एका शाळेत गणित शिकवायचा. घरी तमिळ बोलणारा, शांत माणूस. त्याच्या घरी कुणीच पीत नव्हतं, त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "नियम सोपा आहे," तो म्हणाला. "शून्य म्हणजे शून्य." चौघं मिळून आम्ही कानडी, हिंदी, इंग्रजी असं जे तोंडाला येईल ते बोलायचो. गायक आणि मी भांडायला लागलो की मात्र मराठीत, आणि बाकीचे दोघं तेवढ्यात चहा पिऊन घ्यायचे.

चार महिन्यांत आमची सहा गाणी झाली. आता वाजवायचं कुठे, हा प्रश्न आला. या गावात बँडला जागा मिळते ती पबमध्ये किंवा ब्रुअरीत. तिथे वाजवायचं नाही, हे तर पहिल्याच दिवशी ठरलेलं. शेवटी मीच अण्णांना म्हटलं, आपल्या समाजाचा हॉल रविवारी दुपारी मिळेल का?

"तिथे बारशी होतात," अण्णा म्हणाले. "दारूबिरू असेल का?"

"अण्णा, बँडच त्याच्या विरुद्ध आहे."

"असं?" ते विचारात पडले. "मग तर कमिटी हार घालील."

कमिटीने हार घातला नाही, पण बाहेरच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत 'संगीत कार्यक्रम, दुपारी तीन, सर्वांना प्रवेश' असं लिहिलं. त्यामुळे झालं काय, की आमचे मित्र वगैरे तीसेक तरुण मंडळी आली, आणि त्यांच्या आधी येऊन पुढच्या दोन रांगा धरून बसले समाजातले पंधरा-वीस काका-काकू. कोट घालून, गजरे माळून. मी दवाखान्यातून कानात घालायचे फोमचे बोळे आणले होते. आमच्या कार्यक्रमांचा तो माझा नियम होता, दाराशी बोळे फुकट. मी स्वतः प्रत्येकाच्या हातात दोन दोन ठेवले. एका काकूंनी मला विचारलं, "हे खायचं का गं?"

पहिलं गाणं झालं. बावन्न सेकंद. टाळ्या वाजायच्या आत पुढच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "संपलं?"

दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला मागची तरुण मंडळी गोल फिरत एकमेकांवर आदळायला लागली, आणि मला वाटलं, झालं, आता हॉल गेला. पण काका मंडळी उठली, आपापल्या खुर्च्या उचलून त्यांनी भिंतीला लावल्या, पोरांना जागा करून दिली आणि भिंतीला टेकून बघत उभी राहिली. ते मी ड्रमच्या मागून बघत होते आणि माझे हात थांबत नव्हते. या संगीतात ड्रमरला विचार करायला वेळच नसतो. उजवा पाय, डावा हात, उजवा पाय, डावा हात, छाती फुटेल इतक्या वेगाने, आणि मग एकदम गाडीचा ब्रेक लागावा तसा ठेका संथ आणि जड होतो. तेव्हा आख्खी गर्दी एका वेळी खाली वाकते. तो क्षण माझ्या हातात असतो. मी काठी खाली आणल्याशिवाय कुणी वाकू शकत नाही. कानाच्या दवाखान्यात दिवसभर हळू आवाजात बोलणाऱ्या मला हे कळलं तेव्हा माझ्या मानेवर काटा आला.

कार्यक्रम अठरा मिनिटांत संपला. मग सगळ्यांना मज्जिगे, म्हणजे कोथिंबीर-मिरचीचं पातळ ताक. कोटवाले आजोबा माझ्याकडे आले. "ताल घट्ट आहे," म्हणाले. "शब्द एक कळला नाही."

शब्दांचं ते खरंच होतं. गायक इंग्रजीत ओरडायचा, आणि काय ओरडतोय ते आम्हालाही कागदावर वाचावं लागायचं. त्या आठवड्यात घरातल्याच एका साखरपुड्याला मी गेले होते. तिथे दिवसभर माझ्या कानावर एकच शब्द पडत होता. स्वल्प सरक गं. स्वल्प थांब. स्वल्प हस की, फोटो काढतायत. स्वल्प बारीक हो. आणि जेवणं झाल्यावर मागच्या खोलीत मामा ग्लास पुढे करून म्हणाले, "स्वल्प घे, काही होत नाही." घरी येऊन मी ते सगळं ओळीने लिहून काढलं आणि प्रत्येक ओळीच्या खाली लिहिलं, स्वल्पानू बेडा. कानडीत, स्वल्पसुद्धा नको.

रविवारी मी तो कागद गायकाला दिला. त्याने वाचला. परत वाचला. "हे इंग्रजीत नाही करायचं," तो म्हणाला. "हे असंच." त्याच्या पुणेरी जिभेला 'बेडा' नीट जमेना. गिटारवाली त्याला अर्धा तास शिकवत होती, डोक्यावर मारत होती. मग तिने तीन सुरांचं काहीतरी वाजवलं, वीणेसारखं ओढून, पण आरीसारखं खरखरीत, आणि आम्ही तिघं तिच्या मागे धावलो.

त्या गाण्याने आम्हाला वर नेलं. बॅडमिंटन हॉलमध्ये वाजवलं, मंगल कार्यालयात वाजवलं, एकदा तर बंद पडलेल्या ट्यूशन क्लासमध्ये, मागे फळ्यावर वर्गसमीकरणं तशीच. कायम रविवार, कायम दुपारी तीन. गायक ओळ म्हणायचा आणि माइक गर्दीत धरायचा, आणि शंभर-दीडशे माणसं एका घशाने ओरडायची, स्वल्पानू बेडा. मुली जास्त जोरात ओरडायच्या. त्यांच्या डोळ्यांसमोर दारू नसायची, दुसरंच काहीतरी असायचं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. आम्ही गाणी रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकली, तशी चेन्नईहून बोलावणं आलं, मग पुण्याहून. पुण्याला रेल्वेने गेलो, झांजांची पिशवी मांडीवर घेऊन. तिथे कानडीचा एक शब्द न येणारी पोरं आमच्याआधीच ओरडायला लागली. गायक ओळ म्हणायचं विसरून माझ्याकडे वळून बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं साधं आश्चर्य होतं, की माझाही ठेका सुटता सुटता राहिला.

त्याच काळात आमच्या कार्यक्रमांना काही वेगळी माणसं यायला लागली. सहा-सात जण, चाळिशी-पन्नाशीचे, इस्त्रीचे शर्ट घातलेले. मागे भिंतीपाशी उभे राहायचे, बोळे घालायचे, शेवटपर्यंत थांबायचे. एकदा त्यांच्यातल्या एकांनी आमचे स्पीकर उचलायला हात लावला. निवृत्त बस ड्रायव्हर होते. दारू सोडलेल्या लोकांचा त्यांचा एक गट होता, दर आठवड्याला भेटणारा.

"तुम्हाला हे संगीत आवडतं?" मी विचारलं.

"डोकं दुखतं," ते म्हणाले. "पण अक्का, रविवारची दुपार आम्हाला सगळ्यात अवघड. सकाळी बाजार होतो, जेवण होतं, आणि मग दुपार अंगावर येते. गाणं ऐकायला कुठे जावं तर सगळीकडे ग्लास. इथे तो नसतो."

पुढे ते 'स्वल्प'च्या वेळी पुढे यायला लागले. गर्दीत आदळायचे नाहीत, पण हात वर करून ओरडायचे. गायक त्यांना बघितलं की नेहमी माइक त्यांच्याकडे न्यायचा.

आणि मग महोत्सवाचं बोलावणं आलं. सर्जापूर रोडच्या पुढे मोठ्या मैदानावर दोन दिवसांचा संगीत महोत्सव, आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारची वेळ. तीन-चार हजार माणसं येणार. प्रायोजक एक बिअरची कंपनी. दारूची जाहिरात करायला बंदी असल्यामुळे फलकावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी'.

आम्ही शेडमध्ये फोमच्या ठोकळ्यांवर बसलो होतो. गायक म्हणाला, "यात बोलण्यासारखं काय आहे? नाही म्हणायचं."

"मला जायचंय," गिटारवाली म्हणाली. "मला आयुष्यात एकदा माझी गिटार मोठ्या स्पीकरवर ऐकायची आहे. आपण तिथे पिणार नाही. आपण तिथे जाऊन सांगणार, की नको. समाजाच्या हॉलमध्ये आधीच न पिणाऱ्यांना सांगून काय होतंय?"

"आणि मागे त्यांचं नाव लावून?"

"नाव मागे असेल. मी पुढे असेन."

बेसवाल्याने आधी आपला चहा संपवला. मग म्हणाला, की दोघांचंही बरोबर आहे, पण त्याला जावंसं वाटतंय. दोन-दोन झाले तर जायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. म्हणजे आता माझ्यावर आलं. मी दोन दिवस मागितले.

त्या दोन दिवसांत मी ड्रायव्हरकाकांना फोन करून विचारलं, तुम्ही याल का? "तिथे आम्हाला नाही येता येणार, अक्का," ते म्हणाले. रागाने नाही, पाऊस असेल तर निघता येणार नाही म्हणतात तसं. "तुम्ही जाऊन या. नंतर इकडे वाजवाल तेव्हा आहोतच की."

मी हो म्हणाले. कारणं पुष्कळ देता आली असती, गिटारवालीची कारणं चांगलीच होती. पण खरं सांगायचं तर मला हवं होतं. तीन हजार माणसं माझ्या काठीबरोबर खाली वाकताना मला बघायची होती. गायक एवढंच म्हणाला, "ठरलं तर मग. मी पूर्ण ताकदीने गाईन."

आणि तो गायला. आयुष्यात आम्ही तसं कधी वाजवलं नव्हतं. स्टेज एवढं मोठं, की एकमेकांना बघायला मान वळवावी लागत होती. माझ्या पायाचा पहिला ठोका मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत येऊन माझ्याच पोटात बसला. गिटारवालीने पहिला सूर छेडला, तो डोक्यावरून विमान गेल्यासारखा गेला, आणि ती तोंड उघडं टाकून हसली. मी तिला तशी आधी कधी पाहिली नव्हती. ऊन होतं, धूळ होती, पुढची गर्दी भोवऱ्यासारखी फिरत होती. आम्ही एकामागून एक गाणी फेकत गेलो, मध्ये श्वास नाही, बोलणं नाही.

शेवटी 'स्वल्प'. गायकाने पहिली ओळ म्हटली, माइक गर्दीकडे धरला, आणि सगळं मैदान ओरडलं, स्वल्पानू बेडा. ओरडताना सगळ्यांनी हात वर केले. हातांत बिअरचे ग्लास होते. प्लास्टिकचे, काठोकाठ भरलेले, उन्हात चमकणारे शेकडो ग्लास. ते हसत होते, एकमेकांच्या ग्लासाला ग्लास लावत होते आणि ओरडत होते, स्वल्पसुद्धा नको. त्यांच्या दृष्टीने ते पार्टीचं गाणं होतं. फेस उडून पुढच्या लोकांच्या केसांत पडत होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला अजिबात वाईट वाटलं नाही. तो आवाज अंगावर आला आणि मला वाटलं, हा माझा शब्द आहे, मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून लिहिलेला, आणि तो आता इतक्या माणसांच्या तोंडात आहे. मी आणखी जोरात वाजवलं. मला मागून गायकाची पाठ दिसत होती. तो स्टेजच्या अगदी कडेला गेला, पुढच्या रांगेकडे वाकला, त्याचा हात पुढे गेला. गर्दीने प्रचंड आरोळी दिली. मग तो एकदम गुडघ्यांवर बसला आणि उरलेलं गाणं त्याने तिथेच, डोळे मिटून, बसल्या बसल्या म्हटलं. मला वाटलं, काय जबरदस्त शेवट केलाय याने.

खाली तंबूत आल्यावर गिटारवालीने मला मिठी मारली, बेसवाल्याला मारली. बेसवाला घामाघूम, चष्मा पुसत नुसता "अय्यो, अय्यो" म्हणत होता. गायक खुर्चीवर बसून पाणी पीत होता. त्याने बाटली खाली ठेवली आणि म्हणाला, "मी थांबतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे बँड. मी नाही पुढे."

गिटारवालीला ते लागलं. "आम्ही विकले गेलो असं म्हणायचंय तुला?"

"नाही. तुमच्याबद्दल काहीच नाही. तुम्ही उत्तम वाजवलंत."

"मग कारण सांग."

त्याने सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तो शेडमध्ये आला, आपला माइक आणि स्टँड घेतला, मालकांसाठी आणलेला पेढ्यांचा बॉक्स अण्णांच्या टेबलावर ठेवला. मी दारात त्याला मराठीत खूप बोलले. तू स्वतःला आमच्यापेक्षा शुद्ध समजतोस, तुला आमचा कमीपणा दाखवायचाय, मतदान झालं होतं ना. तो ऐकत राहिला. एरवी दोन वाक्यांत उलटून बोलणारा माणूस त्या दिवशी म्हणाला, "असेल तसं." आणि गेला.

आम्ही तीन महिने रेटलं. मी ड्रम वाजवता वाजवता गाऊन पाहिलं. दम पुरेना. एक नवीन गायक आला, आवाज चांगला होता, पण तो गाणी नुसती म्हणायचा, आमचा आधीचा ती बोलायचा. एका रविवारी गिटारवाली आलीच नाही. तिने मेसेज केला, की सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बोलावलंय. मी आणि बेसवाल्याने दोघांनीच तासभर वाजवलं. मग त्याने बेस पिशवीत घालून चेन लावली आणि म्हणाला, "आता उरलेल्या दोघांचं काही समीकरण होत नाही."  त्या संध्याकाळी अण्णांनी ड्रमसेट घरी आणायला युनिटचा टेंपो दिला.

गायक मला दीड वर्षाने भेटला, के. आर. पुरम स्टेशनवर, सकाळी. मी एका गावच्या शाळेत मुलांचे कान तपासायला निघाले होते. तो पुण्याहून येणाऱ्या आईला उतरवून घ्यायला आला होता. गाडी लेट होती. आम्ही आधी कानांबद्दल बोललो, मग नोकऱ्यांबद्दल.

तेव्हा तो म्हणाला, "तुला त्या दिवशी मजा आली होती ना? महोत्सवात?"

मी खरं बोलले. "आयुष्यात आली नव्हती एवढी."

"मलाही," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं.

"पुढच्या रांगेतल्या एकाने ग्लास पुढे केला. प्रेमानेच केला बिचाऱ्याने, घे भाऊ म्हणून. आणि मी हात पुढे केला. ठरवून नाही. हात गेलाच. बोटं लागली ग्लासाला, गार होता. मी खाली बसलो नसतो तर घेतला असता." तो रुळांकडे बघत बोलत होता. "कॉलेजात दोन वर्षं मी कसा होतो ते तुम्हाला कुणाला माहीत नाही. सकाळी उठून आधी तेच. बाबांनी मला एकदा हॉस्टेलमधून उचलून आणलं, अक्षरशः खांद्यावर. मला वाटायचं, कार्यक्रमाआधी मी हातावर मारायचो ती फुली आता कातडीच्या आत गेलीये. ती नुसती मार्करची होती."

"मग सांगायचं ना आम्हाला."

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी बँड बंद केला असता. म्हटलं, निदान तुम्ही तरी वाजवा."

"आम्ही तीन महिन्यांत बंद केला."

"कळलं मला," तो म्हणाला. "मूर्ख आहात."

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू. दोघंही हसलो, प्लॅटफॉर्मवरची माणसं वळून बघायला लागली इतकं. तो आता ड्रायव्हरकाकांच्या गटात जायचा, दर आठवड्याला. आधी तो त्यांच्यासाठी गायचा, आता त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. काका त्याला रविवारी दुपारी फोन करायचे, जेवलास का म्हणून.

गाडी आली. त्याची आई दोन पिशव्या आणि एक डबा सांभाळत उतरली. त्याने ओळख करून दिली, "आई, ही आमच्या बँडची ड्रमर."

काकूंनी मला नखशिखांत पाहिलं. "म्हणजे याचे कान तू घालवलेस होय," त्या म्हणाल्या आणि डबा माझ्या हातात दिला. "धर. चिरोटे आहेत. वाटेत खा."

माझी गाडी पलीकडच्या फलाटावर लागत होती, मी धावतच जिना चढले.

या वर्षी गिटारवालीने स्वतःची गाणी केली आहेत आणि तिला ड्रमर हवा आहे. नशा, नियम असं काही त्यात नाही. ती कधीमधी वाइन घेते, मी अजूनही नाही, आणि आम्ही त्यावर बोलत नाही. गाणी संथ आहेत. संथ वाजवणं भलतंच अवघड निघालं, दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी जागा असते, की माझे हात आपोआप पुढे धावतात आणि ती मान हलवून मला मागे ओढते. काल पहिल्यांदा एक आख्खं गाणं न धावता जमलं. तिने नुसती भुवई वर केली, आणि मी घरी येईपर्यंत स्टिअरिंगवर बोटांनी तेच वाजवत होते, प्रत्येक सिग्नलला.